सर्वश्रेष्ठ भारतीय फलंदाज कोण? : मर्चंट, हजारे आणि सोलापूरचे उम्रीगर यांच्याविषयीच्या वादाची ऐतिहासिक चिकित्सा (१९३३ ते १९६२)

प्रस्तावना :

भारतीय क्रिकेटचा इतिहास लिहिताना 'सर्वश्रेष्ठ फलंदाज कोण' हा प्रश्न टाळता येत नाही आणि त्याचे एकमताने उत्तरही देता येत नाही. १९७१ साली सुनील गावसकर आणि १९८९ साली सचिन तेंडुलकर यांनी कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केल्यानंतर या चर्चेला जे स्वरूप आले ते सर्वपरिचित आहे. गावसकरांच्या १०,१२२ आणि तेंडुलकरांच्या १५,९२१ कसोटी धावांपुढे त्याआधीचे सारेच आकडे लहान दिसू लागतात. परंतु गावसकरपूर्व काळातही हा वाद तितक्याच हिरिरीने लढवला जात होता. आजच्या वादात जे मुद्दे मांडले जातात, त्यांतील बहुतेक सर्व मुद्दे त्या जुन्या वादात अधिक स्पष्टपणे दिसतात; कारण तेथे आकडे थोडे आहेत आणि त्या आकड्यांमागची परिस्थिती फार मोठी आहे.

या जुन्या वादाच्या केंद्रस्थानी तीन नावे आहेत. विजय मर्चंट (जन्म १२ ऑक्टोबर १९११, मुंबई), विजय हजारे (जन्म ११ मार्च १९१५, सांगली) आणि पहलन रतनजी उर्फ पॉली उम्रीगर (जन्म २८ मार्च १९२६, सोलापूर). तिघेही आजच्या महाराष्ट्राच्या भूमीत जन्मलेले. पण एक गुजराती गिरणीमालकाच्या घरातील, दुसरे मराठी ख्रिस्ती कुटुंबातील आणि तिसरे पारशी. लाला अमरनाथ, मुश्ताक अली, विनू मांकड आणि विजय मांजरेकर यांचीही नावे या संदर्भात घेतली जातात. मांकड यांचा विचार अष्टपैलू म्हणून स्वतंत्रपणे करणे योग्य ठरते. मांजरेकर यांचे तंत्र अनेकांना उम्रीगरांपेक्षा सरस वाटत असले, तरी ५५ कसोटींतील ३९.१२ ही त्यांची सरासरी त्यांना या त्रयीच्या थोडे मागे ठेवते. म्हणून प्रस्तुत निबंधाची व्याप्ती या तिघांपुरती मर्यादित ठेवण्यात आली आहे. वादाचा निकाल लावण्याइतकेच, असा निकाल कोणत्या पुराव्यावर लावला जातो याची तपासणी करणे येथे महत्त्वाचे मानले आहे.

दोन धावांचा फरक :

प्रथम आकड्यांचा विचार करणे सोयीचे होईल. मर्चंट यांनी १९३३ ते १९५१ या अठरा वर्षांत केवळ १० कसोटी सामने खेळले. १८ डावांत ८५९ धावा, ३ शतके, सरासरी ४७.७२. हजारे यांनी १९४६ ते १९५३ या काळात ३० कसोटींतील ५२ डावांत, ६ वेळा नाबाद राहून, २,१९२ धावा केल्या. ७ शतके, सरासरी ४७.६५. उम्रीगर यांनी १९४८ ते १९६२ या काळात ५९ कसोटींतील ९४ डावांत ३,६३१ धावा केल्या. १२ शतके, सरासरी ४२.२२.

मर्चंट आणि हजारे यांच्या सरासरीतील फरक ०.०७ इतका आहे. याचा अर्थ असा की, मर्चंट यांनी त्यांच्या संपूर्ण कसोटी कारकिर्दीत केवळ दोन धावा कमी काढल्या असत्या, तर त्यांची सरासरी ४७.६१ झाली असती आणि क्रम उलटा लागला असता. एखादा झेल सुटणे, एखादी चोरटी धाव घेतली न जाणे, एवढ्यावर 'भारताचा पहिला श्रेष्ठ फलंदाज' ही पदवी अवलंबून ठेवावी काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. सरासरीच्या आधारे बोलणारे दशांशचिन्हापुढचे दोन आकडे मोठ्या विश्वासाने उच्चारतात; अठरा डावांच्या नमुन्याला तेवढी सूक्ष्मता पेलत नाही, हे संख्याशास्त्राच्या कोणत्याही अध्यापकाच्या चटकन लक्षात येईल.

मर्चंट यांचा दावा खऱ्या अर्थाने उभा राहतो तो प्रथम श्रेणी क्रिकेटच्या आधारे. तेथे त्यांची सरासरी ७१.६४ आहे आणि दीर्घ कारकीर्द असलेल्या फलंदाजांमध्ये ती सर डॉन ब्रॅडमन यांच्या ९५.१४ नंतरची दुसरी म्हणून गणली जात आली. रणजी करंडकातील त्यांची सरासरी तर ९८.७५ आहे. हजारे यांची प्रथम श्रेणीतील सरासरी ५८.३८ (१८,७४० धावा, ६० शतके) आणि उम्रीगर यांची ५२.२८ (१६,१५४ धावा, ४९ शतके). या निकषावर मर्चंट निर्विवादपणे पहिले ठरतात.

परंतु या धावा कोठे आणि कशा निघाल्या, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. चाळीसच्या दशकातील भारतीय खेळपट्ट्या फलंदाजांना अतिशय अनुकूल होत्या. १९४४-४५ च्या हंगामात रुसी मोदी यांनी रणजी करंडकात एका हंगामात हजारांवर धावा करण्याचा विक्रम केला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. १९४८-४९ साली पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील एकाच सामन्यात २,३७६ धावा झाल्या. प्रा. दि. ब. देवधर यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढावीत, ही गोष्ट देवधरांच्या शारीरिक क्षमतेविषयी जेवढे सांगते, तेवढेच त्या काळच्या खेळपट्ट्यांविषयीही सांगते.

तथापि, मर्चंट केवळ मायदेशातील निर्जीव खेळपट्ट्यांवरचे फलंदाज होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १,७४५ धावा केल्या. मँचेस्टरच्या कसोटीत मुश्ताक अली यांच्यासमवेत त्यांनी २०३ धावांची सलामी दिली. त्यांत मर्चंट यांच्या ११४ आणि मुश्ताक यांच्या ११२ धावा होत्या. १९४६ च्या पावसाळी इंग्लिश उन्हाळ्यात, उघड्या व ओल्या खेळपट्ट्यांवर त्यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा काढल्या. ओव्हलवरील कसोटीत त्यांनी १२८ धावा केल्या. ही कामगिरी मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर झालेली नाही.

येथे आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. १९३६ च्या ऑगस्टपासून १९४६ च्या जूनपर्यंत भारताने एकही अधिकृत कसोटी सामना खेळला नाही. म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षापासून चौतिसाव्या वर्षापर्यंतची, कोणत्याही फलंदाजाची जी ऐन उमेदीची वर्षे, ती मर्चंट यांच्या कसोटी नोंदीत कोरी आहेत. १९३२ चा इंग्लंड दौरा त्यांनी राष्ट्रीय चळवळीतील नेत्यांच्या अटकेच्या निषेधार्थ नाकारला होता. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून निवड होऊनही प्रकृती अस्वास्थ्यामुळे त्यांना जाता आले नाही. परिणामी त्यांचे सर्व दहा कसोटी सामने एकाच देशाविरुद्ध, इंग्लंडविरुद्ध झाले. लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर मर्चंट कसे खेळले असते, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

पंचरंगी सामने आणि स्पर्धेचा उगम :

मर्चंट आणि हजारे यांच्यातील तुलना सुशिक्षित चाहत्यांच्या गप्पांतून नव्हे, तर मुंबईच्या पंचरंगी सामन्यांतून जन्माला आली. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून 'द रेस्ट' असे धर्मवार संघ या स्पर्धेत उतरत. 'द रेस्ट' म्हणजे उरलेले सर्व : भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध इत्यादी. हजारे ख्रिस्ती असल्याने या उरलेल्यांच्या संघात होते आणि तो संघ अर्थातच दुबळा होता. मर्चंट हिंदू संघाचे आधारस्तंभ होते.

१९४३-४४ चा हंगाम या वादाचा मूळ दस्तऐवज मानता येईल. स्पर्धेतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा विक्रम मर्चंट यांच्या नावावर होता. हजारे यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा करून तो मोडला. अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो परत मिळवला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. 'द रेस्ट'चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांत हजारे यांच्या ५९ होत्या. फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात संघाने ३८७ धावा केल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. बंधू विवेक हजारे यांच्यासमवेत त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. विवेक यांचा वाटा २१ धावांचा. सामना हिंदू संघाने एक डाव ६१ धावांनी जिंकला. पण विक्रम हजारे यांच्याकडे राहिला. त्याच हंगामात मर्चंट यांनी रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या.

या घटनाक्रमाकडे निव्वळ विक्रमांची चढाओढ म्हणून पाहणे पुरेसे नाही. एका बाजूला बलाढ्य संघाचा सलामीवीर आहे, ज्याच्या मागे भक्कम फलंदाजी उभी आहे. दुसऱ्या बाजूला पराभव निश्चित झालेल्या संघातील एकाकी फलंदाज आहे. संघाच्या धावांपैकी सुमारे ऐंशी टक्के धावा एकाच माणसाने काढाव्यात, ही परिस्थिती हजारे यांच्या वाट्याला त्यांच्या धर्मामुळे आली, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. महात्मा गांधींनी १९४० साली या जातीय स्वरूपाच्या सामन्यांविरुद्ध मत व्यक्त केले होते. १९४६ नंतर ते बंद झाले. स्पर्धा गेली, परंतु तिने निर्माण केलेला 'मर्चंट की हजारे' हा प्रश्न मात्र टिकून राहिला. आपल्या माणसाला थोर ठरवण्याच्या ओढीत 'आपला' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला जात होता, याचा शोध सामाजिक इतिहासकारांनी अद्याप पुरेसा घेतलेला नाही.

या स्पर्धेचा कसोटीतील शेवटचा अंक नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला झाला. इंग्लंडविरुद्ध मर्चंट यांनी १५४ धावा केल्या आणि भारतातर्फे सर्वोच्च कसोटी धावसंख्येचा, हजारे यांचा १४५ धावांचा विक्रम मोडला. त्याच डावात हजारे नाबाद १६४ पर्यंत गेले. मर्चंट यांचा विक्रम काही तासही टिकला नाही. त्या दोघांची भागीदारी २११ धावांची होती. क्षेत्ररक्षण करताना झालेल्या दुखापतीमुळे मर्चंट यांचा तो शेवटचा कसोटी सामना ठरला; म्हणजे कारकिर्दीतील सर्वोच्च धावसंख्या त्यांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी, अखेरच्या कसोटीत काढली.

हजारे : श्रेष्ठ गोलंदाजीपुढील कसोटी :

हजारे यांच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत बळकट पुरावा म्हणजे जानेवारी १९४८ ची ॲडलेड कसोटी. ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा उभारल्या होत्या. हजारे यांनी पहिल्या डावात ११६ आणि फॉलोऑननंतरच्या दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. दुसऱ्या डावात लिंडवॉल यांनी ३८ धावांत ७ बळी घेतले आणि भारताचा डाव २७७ वर संपला. कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे हजारे हे पहिले भारतीय. हा पराक्रम पुन्हा होण्यासाठी १९७१ साली गावसकर यावे लागले.

हा एकच सामना असता तर त्याला योगायोग म्हणता आले असते. परंतु १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात फ्रेड ट्रूमन यांच्या पदार्पणाने भारतीय फलंदाजी हादरून गेली असताना कर्णधार हजारे यांनी चार कसोटींत ५५.५० च्या सरासरीने ३३३ धावा केल्या. लीड्स येथे पहिल्या डावात ३ बाद ४२ अशा अवस्थेत त्यांनी तरुण मांजरेकर यांच्याबरोबर २२२ धावांची भागीदारी केली. दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि चार गडी बाद, अशी कसोटी इतिहासात अपूर्व स्थिती झाली. त्या डावातही हजारे यांनी ५६ धावा करून दत्तू फडकर यांच्यासमवेत १०५ धावा जोडल्या. संथ खेळतात, धोका पत्करत नाहीत, ही त्यांच्यावरील टीका खरी आहे. पण शून्यावर चार गडी बाद झाल्यावर धोका पत्करण्याजोगे शिल्लक तरी काय राहते?

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो हजारे यांच्याच नेतृत्वाखाली. तरीही कर्णधारपदाचे ओझे नसते तर हजारे भारताचे सर्वश्रेष्ठ फलंदाज झाले असते, अशा आशयाचे मत खुद्द मर्चंट यांनी व्यक्त केले होते. प्रतिस्पर्ध्याने दिलेले हे प्रशस्तिपत्र उदार आहे. मात्र त्यातील गर्भितार्थ असाही निघतो की, ते तसे झाले नाहीत. उपलब्ध पुराव्याचा विचार करता मर्चंट यांच्या या मताशी सहमत होणे कठीण आहे. परदेशी भूमीवर, त्या काळच्या सर्वोत्तम वेगवान गोलंदाजीपुढे, पराभूत होणाऱ्या संघाकडून धावा काढणे हा निकष मान्य केला, तर १९५३ पर्यंतच्या भारतीय फलंदाजांत हजारे यांचे स्थान पहिले ठरते. मर्चंट यांची श्रेष्ठता संभाव्य आहे, हजारे यांची सिद्ध झालेली आहे. इतिहासलेखनात सिद्ध गोष्टीला अधिक वजन द्यावे लागते.

उम्रीगर : सोलापूर ते मुंबई :

सोलापूरच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे नाव उम्रीगर यांचे. १८७७ साली सुरू झालेल्या 'जुन्या मिल'पासून सोलापूर हे कापडगिरण्यांचे शहर म्हणून वाढत गेले आणि या व्यापारउदीमाच्या निमित्ताने निरनिराळ्या समाजांची कुटुंबे येथे स्थायिक झाली. उम्रीगर यांचे वडील कापडाच्या व्यवसायात होते. पॉली यांचे बालपण सोलापुरात गेले. शालेय वयातच कुटुंब मुंबईला गेले. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली, मुंबई विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्व केले आणि १९४४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पारशी संघाकडून पंचरंगी सामन्यात प्रथम श्रेणी पदार्पण केले.

त्यांना 'सोलापूरचे' म्हणताना स्थानिक अभिमान थोडा आवरता घ्यावा लागतो. जिमखाने, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठाचा संघ आणि पंचरंगी सामने ही जी शिडी मुंबईत उपलब्ध होती, तिची एकही पायरी त्या काळी सोलापुरात नव्हती. १९४८ साली वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला असताना संयुक्त विद्यापीठ संघाकडून उम्रीगर यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि त्याच मोसमात, डिसेंबर १९४८ मध्ये, त्यांना कसोटी पदार्पणाची संधी मिळाली. हे कुटुंब सोलापुरातच राहिले असते तर एक उत्तम गिरणी-संघ कर्णधार निर्माण झाला असता, याहून अधिक काही खात्रीने म्हणता येत नाही.

संधीचा हा मुद्दा एकट्या उम्रीगरांपुरता मर्यादित नाही. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या; ब्रॅडमन यांच्या तत्कालीन विश्वविक्रमापासून ते नऊ धावा दूर होते. प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिल्याने तो विक्रम हुकला. निंबाळकर यांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. त्याआधीच्या पिढीत पळवणकर बाळू यांच्यासारख्या असामान्य गोलंदाजाला जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. श्रेष्ठत्वाची कोणतीही यादी ही ज्यांना मैदानात उतरू दिले गेले त्यांचीच यादी असते.

१९५२ चा कलंक :

उम्रीगर यांच्या नोंदीतील काही भाग झगझगीत आहे. मद्रासच्या पहिल्या विजयात सातव्या क्रमांकावर येऊन नाबाद १३०. १९५२-५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात दोन शतकांसह ५६० धावा. नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, म्हणजे भारतीयाचे पहिले कसोटी द्विशतक. निवृत्तीच्या वेळी सर्वाधिक सामने, सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक शतके हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. सत्तरच्या दशकात शतकांचा विक्रम गावसकर यांनी मागे टाकला. शिवाय ३५ कसोटी बळी. बहावलपूर येथे १९५५ साली ७४ धावांत ६, आणि डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्यावहिल्या विजयात, जसू पटेल यांच्या चौदा बळींच्या छायेत विसरले गेलेले, २७ धावांत ४.

परंतु वादात उम्रीगर यांचे नाव निघाले की प्रथम १९५२ चा इंग्लंड दौरा पुढे केला जातो. सात डावांत ४३ धावा, सरासरी ६.१४. ट्रूमन धावत येताना ते लेगच्या बाजूला इतके सरकत की तेथील क्षेत्ररक्षकालाही अडचण होई, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. विशेष म्हणजे त्याच दौऱ्यात सर्व प्रथम श्रेणी सामने मिळून त्यांनी दीड हजारांवर धावा केल्या होत्या. म्हणजे इंग्लिश खेळपट्ट्यांनी त्यांना पराभूत केले नव्हते. वेगाने केले होते. हे सात डाव वगळल्यास त्यांची कसोटी सरासरी ४५.४२ होते. मात्र असे वगळणे पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने योग्य नाही. अपयश हा कारकिर्दीचा भाग असतो आणि त्याच मैदानांवर, त्याच गोलंदाजांपुढे हजारे यांनी ३३३ धावा केल्या होत्या. ऑस्ट्रेलियाविरुद्ध उम्रीगर यांचे एकही शतक नाही आणि बारांपैकी पाच शतके पाकिस्तानविरुद्धची आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

वगळण्याऐवजी कारण शोधणे अधिक उचित. मर्चंट आणि हजारे ज्या काळात घडले, त्या काळात देशांतर्गत क्रिकेटमध्ये महंमद निस्सार आणि अमरसिंग ही जागतिक दर्जाची वेगवान जोडी होती. अमरसिंग १९४० साली अकाली निधन पावले. फाळणीनंतर निस्सार पाकिस्तानात गेले आणि १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी निवडले गेलेले फजल महमूदही तिकडेच राहिले. १९४४ साली पदार्पण केलेल्या उम्रीगर यांच्या पिढीला मायदेशात खऱ्या वेगाचा सराव मिळालाच नाही. ज्या खेळपट्ट्यांवर एका सामन्यात २,३७६ धावा होत होत्या, त्याच खेळपट्ट्यांनी ट्रूमनपुढील हा असहाय फलंदाज घडवला होता. १९५२ च्या लीड्समधील धावफलकाकडे एका व्यक्तीच्या भित्रेपणाचा पुरावा म्हणून पाहण्यापेक्षा एका क्रिकेट-व्यवस्थेच्या आणि काही अंशी फाळणीच्याही परिणामाचा दाखला म्हणून पाहणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होईल.

त्यांचा बाणा भित्र्या माणसाचा नव्हता, याचा एक पुरावा मैदानाबाहेरचा आहे. जानेवारी १९५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मद्रास कसोटीच्या पूर्वसंध्येला, संघनिवडीत होणारा हस्तक्षेप अमान्य करून त्यांनी कर्णधारपदाचा राजीनामा दिला. आठ कसोटींत त्यांनी भारताचे नेतृत्व केले होते. त्याच वर्षी ते पुन्हा इंग्लंडला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध नाबाद २५२ आणि मँचेस्टर कसोटीत ११८ धावा काढल्या. १९५२ ची परतफेड यामुळे पूर्ण झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

पोर्ट ऑफ स्पेन, १९६२ :

ती परतफेड झाली असेल तर ती तीन वर्षांनंतर, वेस्ट इंडिजमध्ये. १७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि त्यांचा जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. हेल्मेट नसलेल्या त्या काळात, या घटनेनंतर उरलेल्या कसोटींत वेस हॉल यांना सामोरे जाणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकाला करणे अवघड आहे. संघाची सूत्रे एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे आली. भारत ती मालिका ०-५ अशी हरला.

एप्रिल १९६२ मधील चौथी कसोटी पोर्ट ऑफ स्पेन येथे झाली. उम्रीगर तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. त्यांनी प्रथम वेस्ट इंडिजच्या डावात १०७ धावांत ५ बळी घेतले. भारताचा पहिला डाव कोसळला तेव्हा त्यांनी ५६ धावा केल्या. फॉलोऑननंतर ते हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर तुटून पडले आणि २४८ मिनिटांत नाबाद १७२ धावा काढून अखेरपर्यंत उभे राहिले. सामना वेस्ट इंडिजने सात गडी राखून जिंकला. ज्या गोलंदाजीने काँट्रॅक्टर यांची कारकीर्द संपवली होती, तिच्याच देशात ही खेळी झाली आणि खेळणारा तोच फलंदाज होता, ज्याचे नाव दहा वर्षांपूर्वी वेगाच्या भीतीला समानार्थी झाले होते.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने या तिघांचीही नावे जपली आहेत. सोळा वर्षांखालील मुलांची स्पर्धा मर्चंट यांच्या नावाने आहे. ज्यांनी एकही एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही त्या हजारे यांच्या नावाने देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धा भरते. वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला दिला जाणारा पुरस्कार उम्रीगर यांच्या नावाने २००६-०७ पासून दिला जातो. उम्रीगर यांचे ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत निधन झाले होते. निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष, भारतीय संघाचे व्यवस्थापक आणि मंडळाचे कार्यकारी सचिव राहिले. वानखेडे मैदानाच्या खेळपट्टीची देखभालही त्यांनी केली.

हजारे पहिले, हा वर मांडलेला निर्णय पोर्ट ऑफ स्पेनच्या त्या खेळीने बदलत नाही. ५९ कसोटी सामन्यांपैकी ती एकाच सामन्यातील आहे. मात्र उम्रीगर यांना तिसऱ्या क्रमांकावर ठेवताना १९५२ चा दाखला जो देईल, त्याने १९६२ चाही दिला पाहिजे. पोर्ट ऑफ स्पेननंतर ते किंगस्टन येथे मालिकेतील पाचवी कसोटी खेळले आणि तेथेच त्यांनी कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती घेतली.